कौलांखालचा कागद

४ मे
उद्या घर शाकारायचं. रमणला म्हटलं, या वेळी कौलांखाली प्लास्टिकचा कागद घाल. त्याने बिडी पेटवली. "भाऊ, उतार चांगलाय. कौल पाणी सोडते. कागद कशाला?"
मग गेल्या श्रावणात वाऱ्याने पाणी उलटं चढलं ते? माळ्यावरच्या लाकडी पेटीत पाड्याच्या वनहक्क दाव्यांच्या प्रती आहेत. लक्ष्मणकाकांच्या दाव्यावरचा अंगठा निम्मा पुसला गेला. कचेरीतली फाइल सापडत नाही म्हणतात. उरल्यात त्या याच.
"पेटी सरकवा मग." कुठे? घरभर वाळवी. चुलीवरच्या माळ्याला धूर लागतो, म्हणून तिथेच तेवढी शिरत नाही. प्रती पिशवीत बांधून पाहिल्या, बुरशी आली.

५ मे
जानकीचा नकार. "धूर कुठून जाणार?"
गॅस आहे की, म्हटलं.
"टाकी दोन महिने रिकामी आहे. तुम्ही सभांत होता."
मग मी बोललो. खिडकी मोठी करू, हवा खेळेल, माणसाने बदलाला भिऊ नये वगैरे. रमण वाशावर बसून ऐकत होता. जानकी म्हणाली, "झालं? आता तांदूळ निवडा."
कागद घातला. माझा हट्ट.

९ मे
तलासरीला सभा. बायांना विचारल्याशिवाय गावाचा एकही निर्णय होता कामा नये, यावर पाऊण तास. टाळ्या भरपूर. घसा बसला.
घरी आलो तर जानकीचाही बसलेला. तिचा धुराने.

१३ मे
खिडकीने काही होत नाही. धूर आढ्यापासून खाली उतरत खांद्यापर्यंत येतो. ती वाकून भाकरी करते, मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसतो आणि एक पान पुढे सरकत नाही.
रमण म्हणतो, धुराड्याचं कौल सरावलीहून आणतो. लग्नाचे दिवस. हा गडी वाजंत्रीतही आहे. आला नाही.
टाकीचंही उद्यावर. रोज उद्या.

२१ मे
सकाळी खोकला ऐकू आला नाही. आत गेलो. चुलीच्या बरोबर वर कागद कोयत्याने हातभर फाडलेला. धूर कौलांतून सरळ बाहेर. फटीतून उन्हाची रेघ पेटीच्या झाकणावर.
"फाडलास?"
"हो. विचारायचं होतं का?"
उत्तर होतं. तलासरीच्या सभेतलंच होतं, म्हणून देता आलं नाही.

२३ मे
लक्ष्मणकाका रानशेतच्या बाजाराहून परत जाताना थांबले. चहा घेतला. "कागद कोरडे ना रं?"
"कोरडे."
आज आहेत.
ते गेल्यावर पेटी खाली उतरवली. खांबाच्या बुडाशी वाळवीची ताजी, ओली माती. जानकी बघत होती. पेटीचं दुसरं टोक तिनेच धरलं. पुन्हा वर ठेवली, फाटलेल्या जागेखालीच.
रमण अजून नाही. समुद्राकडे ढग जमलेत.