बुबुळाच्या काठावरून

प्रिय शेंडेफळा,

तुझ्या ताईच्या सलूनमध्ये सध्या तक्रारींचा दुष्काळ आहे. शेजारची शिंपीण परवा आरशात बघून म्हणाली, "आज दोन्ही बाजू सारख्या कशा?" इतकी वर्षं माझ्याकडून तिरपे केस कापून घेतले, पण तोंडातून ब्र काढला नाही बिचारीनं.

कारण सांगते. माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आधी कळवलं नाही. फसलं असतं तर तू पुन्हा स्वतःलाच खात बसला असतास. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की बुबुळाच्या काठाला मूळ पेशी असतात. जन्मभर त्यांचं एकच काम : बुबुळावरचा पारदर्शक थर झिजला की नवा घडवायचा. कातडीच्या पेशी वेगळ्या, रक्ताच्या वेगळ्या. कुणी दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाही. माझ्या उजव्या काठावरच्या जळून गेल्या, म्हणून तिथे पांढरा पडदा चढला. मी विचारलं, "मग आता बी कुठून आणायचं?" त्या म्हणाल्या, "तुमच्याच डाव्या डोळ्यातून." तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा काढला, प्रयोगशाळेत वाढवला आणि उजव्या डोळ्यावर लावला. डाव्यानं आपली जखम आपणच भरून काढली.

कितीतरी दिवस नुसतं धुकं. तुझे भाऊजी रोज म्हणायचे, सगळं छान होणार. खोटं बोलले की त्यांचे कान लाल होतात, तुला माहीतच आहे. एका सकाळी त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, मी गंमत म्हणून डावा डोळा झाकला, आणि ते लालबुंद कान मला उजव्यानं दिसले. मी हसतच सुटले. त्यांना वाटलं, रडतेय.

तू सात वर्षांचा होतास. मोरी तुंबली होती, ताईला मदत म्हणून तू मोरी मोकळी करायच्या जळजळीत पावडरीत पाणी ओतलंस आणि ते उसळून माझ्या उजव्या डोळ्यात गेलं. तेव्हापासून तू माझ्या तोंडाकडे बघून बोलला नाहीस. नोकरीसुद्धा शोधून शोधून लांबची धरलीस. "तुझी चूक नव्हती" असं मी हजारदा सांगितलं, तुझ्या मनावरचं ओझं तसूभर हललं नाही. म्हणून आज पुरावाच पाठवतेय. हे अख्खं पत्र डावा डोळा मिटून लिहिलंय. ओळी वर चढल्या असतील तर खुशाल हस. आणि आता रजा टाकून ये. या डोळ्यानं तुला शेवटचं बघितलं, तेव्हा तुझे पुढचे दोन दात पडले होते. नवे कसे आलेत, ते त्यालाही बघू दे.

तुझीच,
दोन्ही डोळ्यांनी वाट बघणारी
ताई