सहा जणांच्या कॅरॅव्हॅनमधून

मेबलथॉर्प,
मंगळवार, ऑक्टोबर

प्रिय अ‍ॅव्हिसताईस,

धाकट्या विल्फचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मांजर कसं आहे? (आधी मांजराचं विचारायला हवं होतं, क्षमा असावी.) माझी तब्येत उत्तम. समुद्राची हवा आहे, सहा जणांची कॅरॅव्हॅन (भाड्याचं चाकांवरचं घर) आहे आणि तीत मी आहे.

बाकीचे पाच कुठे, असं तू विचारणारच. तर ऐक. शाळांना सुट्टी लागली की त्याच गाद्यांचं, त्याच किटल्यांचं आणि त्याच गळक्या नळांचं भाडं दुप्पट होतं, हे तुला ठाऊक आहेच. आमची रोझालिंड दर वर्षी तो आकडा बघते आणि म्हणते, "बाबा, तेवढ्यात स्वयंपाकघर रंगवून होईल." (स्वयंपाकघर अजून रंगलेलं नाही, आणि मुलांनी समुद्रही पाहिलेला नाही.) तुझी भावजय जोन गेल्यापासून नातवंडं मला फोनच्या काचेतच दिसतात, तीही बहुतेक नुसती कपाळं. म्हणून यंदा मी गुपचूप बेत रचला. आपल्या लेस्टरशायरच्या शाळा इतरांच्या आठवडाभर आधी बंद होतात. बाकी देश वर्गात बसलेला, म्हणून भाडं निम्मं! मी पैसे भरून मोकळा झालो आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दोन दिवस कविता म्हणत हिंडलो.

फक्त एक विसरलो. रोझालिंड आता जिल्ह्याच्या वेशीपलीकडे राहते, नॉर्थॅम्प्टनला. (तिच्या पडद्यांचे दांडे मीच खांद्यावरून वाहून नेले होते, तरी विसरलो.)

"बाबा, आमची सुट्टी पुढच्या आठवड्यात!"

"मग चार दिवस शाळा बुडवा."

"पालकांना दंड होतो. आणि मी शिक्षिका आहे हो! वर्गात मीच गैरहजर?"

पुढचा आठवडा विचारला, तर भाडं दुप्पट आणि भरलेले पैसे परत नाहीत. मागून धाकटी हॅटी ओरडली, "आजोबा, मग वरच्या पलंगावर कोण झोपणार?" फोन ठेवला आणि पैसे वाया जाऊ नयेत म्हणून एकटाच निघालो.

इथे किल्ली देणाऱ्या ग्लेंडाबाईंनी विचारलं, "बाकीची मंडळी?" सांगायची लाज वाटली. "गाडी लावताहेत," म्हणालो. झालं! तेव्हापासून ती थाप निभावतोय. जुन्या वस्तूंच्या दुकानातून लहान मुलांचे रबरी बूट आणून दारात मांडले. सकाळी त्यांत वाळू भरतो, छोटे टॉवेल भिजवून वाळत घालतो. काल बाई जाता जाता थांबल्या. "किती गुणी हो तुमची मुलं! आवाज म्हणून नाही."

"वळण आहे घरचं," मी म्हणालो.

आपल्या मिस प्रॉसर आठवतात? त्यांनी समुद्रावरच्या कविता पाठ करून घेतल्या. (स्वतः त्यांनी समुद्र पाहिला होता की नाही, देव जाणे. छडी मात्र लाटेसारखी यायची.) काल किनाऱ्यावर उभा राहून त्यांतली सगळ्यात लांब म्हटली. तिसऱ्या कडव्याला ओहोटी लागली, आणि संपेपर्यंत समुद्र पार लांब निघून गेला होता. एक कुत्रा तेवढा शेवटपर्यंत बसला. मग त्यालाही घरून हाक आली.

एकूण मजेत आहे. काव्यप्रेमी माणसाला एकांतासारखं सुख नाही.

तुझा,
विल्फ

ता. क. ग्लेंडाबाईंनी गुरुवारी मुलांना लाल भोपळे कोरून दिवे करायला बोलावलंय. सगळ्यांना ताप आलाय असं मी सांगून टाकलं. आता त्या सूप घेऊन येणार आहेत. सहा जणांचं.

ता. क. दुसरा. लाऊथहून, तुझ्या कोपऱ्यावरून, लाल बस थेट इथल्या फाटकाशी येते. गुरुवारी ये. निदान एक तरी नातेवाईक दाखवायला हवा. वर एकांताबद्दल लिहिलंय ते खोटं आहे. लहानपणी वरचा पलंग तू मला एकदाही दिला नाहीस. आता तुझ्या गुडघ्यामुळे तुला चढता येणार नाही, म्हणून काल मी चढून पाहिलं. मलाही जमत नाही. तेव्हा आपण दोघं खालीच झोपू. वरच्यावर चादर घातली आहे, हॅटीची म्हणून.