पहिल्या गणपतीचा शनिवार

१४ जुलै, एडिसन
समीरचा फोन. इथल्या मराठी मंडळाचा यंदाचा अध्यक्ष, नागपूरचा, आयटीत. "काकू, स्मरणिकेत मंडळाचा इतिहास तुम्हीच लिहायचा. अनिलकाका फाउंडर, मग दुसरं कोण लिहिणार?" आठशे शब्द, ३१पर्यंत. हो म्हटलं. नवरा जाऊन चार महिने झाले, अनिल मार्चमध्ये गेला. काम आलं की करायचं, तेवढं अजून जमतं.

१६ जुलै
जुन्या स्मरणिका काढल्या. सगळ्यांत एकच वाक्य: पहिला गणपती चर्चच्या तळघरात बसला, बसवणाऱ्यांत अनिल होता. शब्दही तेच, आधीच्या अंकातून उतरवलेले. सगळ्यात जुन्या लेखाखाली छापलंय, 'माहिती: अनिल'. म्हणजे इतके अंक आणि साक्षीदार एक, तोही स्वतःबद्दल बोलणारा. पेपरात नोकरी करत असताना मी अशी बातमी परत पाठवायचे.
फोटो आहे एक. त्यात मीही आहे, म्हणजे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी मी पुण्यात. लग्न व्हायचं होतं.

१९ जुलै
दामल्यांकडे. पहिल्या गणपतीतले आता तेवढेच. वर्ष नक्की? "नक्की. त्याच उन्हाळ्यात माझी नोकरी गेली, म्हणून मूर्ती करायला वेळ मिळाला." आणि कोण कोण होतं? "अहो वहिनी, सोंड आठवते. कागदाचा लगदा, वाळेचना. हिचा हेअर ड्रायर लावला. माणसं कुठली आठवायला!"
परतताना गाडीत लक्षात आलं. त्या वर्षी चतुर्थीला अनिल पुण्यात होता. मला बघायला आलेला. आईने आग्रह करकरून मोदक वाढले होते.
म्हणजे इथे नव्हता.
ओक ट्री रोडला सिग्नल हिरवा झाला तरी थांबले होते. मागच्याने हॉर्न दिला. विशेष काही वाटलं नाही.

२१ जुलै
लेकीला, मिहिकाला फोनवर सांगितलं, बाबाचं नाव गाळावं लागणार.
"आई, हू इज गोइंग टू चेक?"
"मी."
"ही जस्ट डाइड, आई."
"माहीत आहे."
मग म्हणाली, जेवलीस का? एवढं मराठीत.

२४ जुलै
समीरला कळवलं. तो हसलाच. "काकू, पण चतुर्थी वीकडेला होती ना? आपण कधी बसवतो वीकडेला? हॉल मिळेल तो शनिवार."
खरंच की. इतकी वर्षं शनिवारी आरत्या म्हटल्या, आणि हिशोब केला पुण्याच्या चतुर्थीचा.
अनिलचा जुना पासपोर्ट काढला. चतुर्थीनंतरच्या शुक्रवारी तो न्यूयॉर्कला उतरला. गणपती आधीच्या शनिवारी बसला असेल तर नव्हता. नंतरच्या असेल तर असू शकतो. चर्चला फोन केला. इतकी जुनी बुकिंग्ज ठेवत नाहीत. समीरला हे सगळं कळवलं.
दामल्यांना पुन्हा विचारायचं. शुक्रवार, विमान, काही न सांगता.

२७ जुलै
त्यांचाच फोन आधी आला. "वहिनी, आठवलं! अनिल एअरपोर्टवरून थेट तळघरात! हातात बॅग! आरतीत उभ्या उभ्या पेंगत होता!"
क्षणभर दिसला. पेंगताना तोंड उघडं राहायचं त्याचं.
मग विचारलं, हे कशावरून आठवलं? "समीर म्हणाला ना, फ्लाइटचं."
शुक्रवारी उतरलेला माणूस शनिवारच्या आरतीला एअरपोर्टवरून थेट कसा येईल?
समीर: "मी फक्त हिंट दिली, काकू. तुम्हाला बरं वाटेल म्हणून."
त्याच्यावर रागवायलाही उत्साह नाही. दामल्यांना आता काहीही विचारलं तरी बॅग हातात असणार.

३१ जुलै
लेख पाठवला. "पहिला गणपती एका शनिवारी चर्चच्या तळघरात बसला. मूर्ती दामले यांनी केली. बाकीची नावं खात्रीने सांगता येत नाहीत." पुढे दुसऱ्या वर्षापासून सविस्तर.
समीरचा मेसेज: "काकू, मस्त झालाय. फक्त अनिलकाकांचं नाव राहिलं. मी ॲड करू का?"
अंक संध्याकाळी छपाईला जातो. 'नको' टाइप केलं. पाठवलेलं नाही.