उपकरण सापडले नाही

३ मार्च, मंगळवार

आजही डबी गायब! सकाळी दोनदा, जेवणानंतर एकदा. फोनवर ते चाक फिरतं, फिरतं, आणि शेवटी तीच पाटी — ‘उपकरण सापडले नाही.’ उपकरण पळून जाणार कुठे? हिच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलंय, खुंटा ठोकल्यासारखं.

हिच्या बोटाला चिमटा, चिमट्याची वायर त्या डबीत, आणि डबी वायफायवरून फोनला सांगणार की रक्तात ऑक्सिजन किती. आकडा हिरवा तोवर सगळं ठीक. पंच्याऐंशीच्या खाली गेला की फोनने बोंब ठोकायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलंय — "झोपेत नाकातली नळी सरकली तर त्यांना स्वतःला कळणार नाही. गुंगी येते. माणूस हाकसुद्धा मारत नाही. तुमच्या हातात फार वेळ नसेल." डबीला स्वतःचं तोंड नाही. बोंबलायचं ते फोननेच. आणि फोन म्हणतो, सापडत नाही!

तळमजल्यावर माझा मोटारींचा कारखाना, मधल्या मजल्यावर आम्ही दोघं, वर चिरंजीव आणि सूनबाई. मध्ये एक जिना. एवढंसं घर, आणि त्यात एक डबी सापडू नये?

ही म्हणाली, "अहो, मी आहे इथेच. तुमचा फोन दुसऱ्याच कुणाला शोधतोय का ते बघा." स्वतःच हसली, हसता हसता दम लागला.

४ मार्च, बुधवार

चिरंजीवांच्या कानावर घातलं. कॉम्प्युटरमधून मान वर न काढता उत्तर — "राऊटर बंद करून चालू करा बाबा." केला. डबी सापडली. अर्ध्या तासाने पुन्हा गुडुप.

परत सांगायला गेलो तर म्हणतो, "तुम्ही कशाला एवढा जीव काढता? मी आहे ना लक्ष ठेवायला." अरे, कुठून ठेवतोस लक्ष? सोमवारी आणि गुरुवारी तू ऑफिसात, सूनबाई रोज शाळेत शिकवायला. घरात उरतो मी आणि माझा ग्राइंडर.

६ मार्च, शुक्रवार

मोटर बिघडली की मी आधी हत्यार उचलत नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला — आणि ऐकायचं. शिकवणारा कुणी भेटला नाही, कानाने शिकवलं. हा कारखाना कानावर उभा आहे. वायफायला आवाज नाही ही पंचाईत. म्हणून डोळ्यांनी ऐकायचं ठरवलं. फोन घेऊन दिवसभर जिना वर-खाली.

आणि एक विचित्र गोष्ट दिसली. कारखान्यात, राऊटरच्या पुढ्यात, फोनवर वायफायच्या काड्या भरलेल्या — डबी सापडत नाही! जिन्यात काड्या ढासळतात — तिथे सापडते! हिच्या खोलीत पूर्वी कशीबशी एक काडी यायची, तिथे आता पुऱ्या भरलेल्या, आणि डबी चटकन हजर. राऊटर तर मी हलवलेला नाही. मग हिच्या खोलीत एवढा जोर आला कुठून?

दुपारी नेटवाला आला. बडबड्या, पण हात साफ. वायफायवरच्या वस्तूंनी एकमेकींना बघू नये अशी एक कळ असते म्हणे, ती तपासली — बंदच होती. पाहुण्यांचं वेगळं वायफाय तपासलं — तेही बंद. "डबी आणि फोन एकाच वायफायवर पाहिजेत काका, मग सापडायलाच पाहिजेत." दोन्हीकडे वायफायचं नाव म्हणून आमचंच आडनाव लिहिलेलं. दोन्हीकडे तोच पासवर्ड.

"मग?"

"मग भुताटकी!" म्हणाला, चहा प्याला आणि गेला. मी हसलो. जिना चढताना मात्र हसू खालीच राहिलं.

८ मार्च, रविवार

चिरंजीव दिवसभर घरात. दोनदा आईच्या खोलीत डोकावला, दोन्ही वेळा तिची नळी नीट करून गेला. माझा फोन दोन्ही वेळा मुका.

९ मार्च, सोमवार



दुपारी कारखान्यात होतो. फोन बाकावरच्या व्हाइसच्या पकडीला टेकवून ठेवलेला, आवाज पूर्ण मोठा. वाजला — पण डबीचा नव्हे, चिरंजीवांचा. ऑफिसातून. "बाबा, जरा वर जाऊन आईला बघता का? सहज."

गेलो. नळी उशीवर. ओठ जांभळे पडत आलेले. "अगं ए!" म्हणून हलवलं, तर डोळे उघडून माझ्याकडे बघते, पण ओळख नाही. नळी लावली, उठवून बसवलं. हळूहळू रंग आला.

"काय झालं?" म्हणे.

"काही नाही. तुझ्या लेकाने आठवण काढली."

"रक्ताची ओढ हो," म्हणाली आणि खुशीत डोळे मिटले.

मीही मान डोलावली. पण जिना उतरताना तो शब्द कानात फिरत राहिला. ‘सहज’ म्हणताना त्याचा आवाज सहज नव्हता. जळायच्या आधी मोटर असाच स्वर चढवते. त्याला कळलं कसं? मी घरात असून मला नाही कळलं. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला!

या घरात कुणाचा तरी डोळा आहे.

१० मार्च, मंगळवार

आज राऊटरची पिन माझ्या हाताने उपसली. दिवे विझले. पेटी मेली. फोन घेऊन वर गेलो, हिच्या दारात उभा राहिलो आणि बघितलं.

आमचं आडनाव. काड्या भरलेल्या!

तिरडीवरच्या माणसाने ओ द्यावी तसं. पुन्हा खाली गेलो, पिन बघितली — बाहेरच. पुन्हा वर आलो — आडनाव तसंच, ऐटीत.

राऊटरची पिन परत लावली आणि नेटवाल्याला फोन केला. या वेळी तोही हसला नाही. "काका, तुमच्या घरात तुमच्याच नावाचं दुसरं वायफाय चालू आहे. समजा एकाच पाटीच्या दोन खोल्या. तुमचा फोन एका खोलीत शिरतो, काकूंची डबी दुसरीत. दोघंही म्हणतात, मी घरातच आहे. पण हाक भिंतीपलीकडे जात नाही."

"लावलं कुणी?"

"ज्याला तुमचा पासवर्ड माहीत, त्याने. परक्याचं काम नाही हे. शनिवारी येऊन मी सगळं एक करून देतो. तोवर हात लावू नका."

परक्याचं काम नाही. हे मलाही कळत होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की जास्त बोचतं.

११ मार्च, बुधवार

सापडलं.

संध्याकाळी फोन हातात धरून निघालो, काड्या वाढतील तिकडे पाऊल. वरच्या मजल्याचा जिना संपतो तिथे चपलांचं कपाट. तिथे फोन बाजूला ठेवला आणि कान लावला. हलकीशी शीळ — चार्जरमधली गुंडाळी गाते ना, तशी. साठी उलटली, पण ती शीळ ऐकू येते मला! कपाटामागे पांढरी पेटी. गच्चीवरून आलेली नवी वायर, भिंतीच्या रंगाच्या पट्टीत लपवलेली. नीटस काम. हिच्या खोलीच्या बरोबर डोक्यावर.

आत दोघं बोलत होती. दार बंद, पण माझ्या कानांना दार म्हणजे पडदा.

सूनबाई — "सांगून टाका ना आता बाबांना."

चिरंजीव — "सांगतो गं. पण आत्ता नको. दोन मीटरचं पुराण लावतील."

"कळलं त्यांना तर?"

"नाव तेच ठेवलंय. कळणार कसं?"

दोन मीटरचं पुराण! होय, मीच सांगितलं होतं. त्याने नेटची वेगळी लाइन मागितली तेव्हा जेवता जेवता म्हणालो होतो — एका घराला दुसरा मीटर लागला की मधली भिंत बांधायची तेवढी उरते. वीज एक, पाणी एक, स्वयंपाक एक, वायफायही एकच. तेव्हा मान खाली घालून "बरं बाबा" म्हणाला. आणि हे करून ठेवलं! वर बापाचंच आडनाव लावून! वेगळं व्हायचं तर नाव तरी वेगळं घ्यायचं होतं.

हिला सांगितलं. छताकडे बघितलं तिने. मग म्हणाली, "विचारा ना सरळ. मुलगा आहे तो, गिऱ्हाईक नाही."

"स्वतःहून कधी सांगतो ते बघतो."

"तुमच्या बघण्यात आणि त्याच्या सांगण्यात माझा जीव टांगणीला," म्हणाली. हसतच म्हणाली.

हिच्यावर कुणाची नजर आहे, याची भीती आता गेली. दुसरीच बसली आहे. आज वायर, उद्या चूल, परवा दार. आणि या सगळ्यात हिची डबी त्यांच्या खोलीत अडकलेली, आणि मी खाली आंधळा.

१२ मार्च, गुरुवार

जेवणाआधी लिहून टाकतो, मन हलकं आहे.

शनिवारपर्यंत थांबायला मी काही त्या नेटवाल्याचा नोकर नाही. चिरंजीव ऑफिसला गेले, सूनबाई शाळेत. हिने पेज घेतली आणि झोपली. मी वर गेलो, कपाट सरकवलं. फोनवर ॲप उघडून ठेवलं होतं — हिचा आकडा पंच्याण्णव, हिरवा. मग त्या पांढऱ्या पेटीची पिन ओढली. पुरती नाही — अर्धीच. जागेवर बसलेली दिसावी, पण सैल. संध्याकाळी चिरंजीव बघतील आणि म्हणतील, निसटली असेल. मीही कच्च्या गुरूचा चेला नाही! पुन्हा बसवायला गेला की तिथेच रंगेहाथ धरतो. मग बोलू.

आणि गंमत बघा — मुद्दाम ॲप बंद न करता जिना उतरलो. कारखान्यात आलो. पाटी नाही, चाक नाही. आकडा तसाच समोर. पंच्याण्णव! दुसरी खोलीच मोडली म्हटल्यावर डबी येणार कुठे? बापाच्याच घरात. एवढ्यासाठी दहा दिवस जिने झिजवले!

फोन व्हाइसला टेकवून ठेवलाय. ग्राइंडर चालू करतो. एका पंपाचं काम तुंबलंय, गिऱ्हाईक सकाळपासून दोनदा येऊन गेलं. अधूनमधून बघतोय. रोज हा आकडा ब्याण्णव, शहाण्णव, त्र्याण्णव असा बेडकासारखा उड्या मारायचा. आज शहाण्या पोरासारखा एका जागी बसलाय. पंच्याण्णव. हलत म्हणून नाही. इतकी गाढ झोप हिला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

एवढा रोटर बसवला की वर जातो जेवायला.

१४ मार्च, शनिवार

दवाखान्याच्या बाकावर. ही डोळे उघडत नाही. मशीन श्वास घेतंय. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा मिळाली नाही तो वेळ फार होता.

चिरंजीव शेजारी बसून रडतोय. "आईसाठीच लावलं होतं ते, बाबा. खालचं वायफाय तिच्या खोलीत पोचतच नव्हतं. त्या पेटीत दूरून बघायची सोय करून घेतली होती, ऑफिसात बसून दिवसभर तिचा आकडा बघायचो मी. परवाही बघत होतो — पंच्याण्णव, पंच्याण्णव... लाइन तुटली की जुनाच आकडा दिसत राहतो, हे मला माहीतच नव्हतं. पिन सैल राहिली होती. मीच लावली होती ना ती. नीट दाबलीच नसणार मी."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो — होतं असं कधी कधी.