बोटभर डावीकडे

आश्विन वद्य तृतीया, शके १८१५. कर्जत.

लोधिवलीचे गणूतात्या दुपारी येऊन गेले, तेव्हापासून कामात हात चालेना.

त्यांच्या ठासणीच्या बंदुकीची नळी लाकडी दस्त्यावर हलत होती. पाचर तेवढी घट्ट करून दे, एवढंच त्यांनी मागच्या आठवड्यात सांगितलं होतं. मी नळीतून दोरा ताणून पाहिला, तर ती उजवीकडे किंचित वाकलेली. लाकडी हातोड्याने ठोकून सरळ केली. त्यात विचारायचं काय, असं वाटलं. आगाऊपणा, दुसरं काय.

काल संध्याकाळी त्यांच्या पिकल्या भातात डुक्कर शिरलं. तात्यांनी नेहमीसारखा बोटभर डावीकडे नेम धरला. गोळीही डावीकडेच गेली. चवताळलेल्या डुकरानं त्यांच्या कुत्र्याचं पोट फाडलं. सकाळी कुत्रं गेलं.

तात्या चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. बंदूक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "वीस वर्सं डावीकडं धरतोय रं. आता हात कुटं ऐकतोय? नळी व्हती तशी करून दे."

"पण तात्या, आता ती सरळ आहे."

"तुज्यासाटी सरळ हाय."

कुत्र्याबद्दल मी काहीच बोललो नाही. का नाही बोललो?

बंदूक समोर आहे. वाकवायला कितीसा वेळ लागणार. पण नेम बोटभर डावीकडे, म्हणजे नळीला बाक किती? मी तो काढून टाकला, मोजला नव्हता.