बुटात ठेवलेला शिक्का

आबा, आज रविवार आहे. पोरगं मॅचला गेलंय, तुमचे जावई भाजी आणायला गेलेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तुम्हाला लिहायला घेतलंय. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कधी लिहावंसं वाटलं नाही आणि आज वाटतंय ते काही प्रेमाचं भरतं आलंय म्हणून नाही. मी घरातल्या घरात एक चोरी केलीय आणि ती सांगायला मला दुसरं कुणी नाही. आईला फोनवर सांगितली तर दिवेलागणीपर्यंत अख्ख्या पेठेला कळेल, तुम्हाला माहीतच आहे.

तुमचा नातू आता एकोणीस वर्षांचा आहे. तुम्ही शेवटचा पाहिलात तेव्हा पाच वर्षांचा होता, आपल्या गल्लीत टेनिसच्या चेंडूला लाथा मारत होता आणि तुम्ही पायरीवर बसून म्हणाला होता, "ह्यो डावरा हाय. माझाच पाय उचललाय बघ ह्यानं." तो डावा पाय आता टोकियोतल्या एका कॉलेजच्या टीमकडून खेळतो, तुमच्याच जागेवर, लेफ्ट आऊट. दुसऱ्या वर्षाला आहे आणि ह्या मोसमात कॉलेजांच्या स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल त्याचेच आहेत. इथं कॉलेजचा फुटबॉल म्हणजे पोरखेळ नव्हे, क्लबची माणसं वह्या घेऊन कडेला बसलेली असतात. त्यातल्या एका क्लबाला हा पाहिजे. उत्तरेला समुद्राकाठच्या लहानशा गावातला, दुसऱ्या श्रेणीतला क्लब आहे. डिग्री झाल्यावर नको, आत्ता पाहिजे. म्हणजे कॉलेजची टीम सोडायची, आणि फुटबॉलमुळं मिळालेली कॉलेजातली जागाही सोडायची. करार दोन वर्षांचा. तिसऱ्या वर्षी काय, ते कुणीच सांगत नाही.

त्याला अजून वीस पूर्ण नाहीत, म्हणून कागदावर आईबापाची संमती लागते. आणि इथं संमती म्हणजे शिक्का. बोटाएवढा लाकडी शिक्का असतो, त्यावर आडनाव कोरलेलं, लाल शाईत बुडवून मारायचा. जपानी लोकांच्या आडनावांचे शिक्के स्टेशनरीच्या दुकानात तयार टांगलेले असतात, हरवला तर पोरं जाऊन दुसरा आणतात. आमचं आडनाव ह्या देशात कुठल्याच दुकानात टांगलेलं नाही. आल्या आल्या टोकियोतल्याच निशी-कसाई भागात सांगून एक करून घेतला, तेवढाच. परदेशी माणसाची सही बऱ्याच ठिकाणी चालून जाते, पण कॉलेजच्या कागदांवर आम्ही पहिल्या दिवसापासून हाच मारत आलो, तेव्हा त्यांना तोच हवा. कागद उद्या, सोमवारी दुपारी बाराच्या आत कॉलेजात द्यायचेत. ज्या दिवशी त्यानं ते घरी आणले आणि तो अंघोळीला गेला, त्याच दिवशी मी ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि लपवला. आणि आठवडाभर त्याच्याबरोबर मीही घर धुंडाळतेय. गॅलरीतल्या कुंड्यासुद्धा उचलून बघितल्या. मी नाटकात जायला हवं होतं.

कुठं लपवला ते सांगते. दाराजवळ आमची भूकंपाची पिशवी असते. पाणी, बॅटरी, बिस्किटं, चुरमुऱ्यांचं पाकीट आणि प्रत्येकाचा एकेक बुटांचा जोड. मोठा भूकंप झाला तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. मी तेव्हा जवळच्या फुनाबोरीत जेवणाच्या डब्यांच्या दुकानात अर्धवेळ काम करायचे. सगळं हलायचं थांबल्यावर डोक्यावरची टोपी न काढताच शाळेकडं पळत सुटले. सगळी पोरं डोक्यावर जाड कापडी टोप्या घालून मैदानात बसलीत, हा तिसऱ्या रांगेत आहे, ओठ पांढरे पडलेत आणि मला बघून पहिलं वाक्य काय बोलावं? "आई, माझे बूट आत राहिले." पायात वर्गातल्या पातळ सपाता होत्या. घरी येईपर्यंत मी त्याला पाठीवर घेतलं, नऊ वर्षांच्या घोड्याला. तेव्हापासून दर सप्टेंबरात मी पिशवी उघडते आणि त्याच्या मापाचे नवे बूट आत ठेवते. एकवीस सेंटिमीटरपासून साडेसत्तावीसपर्यंत आले. तर त्यातल्या उजव्या बुटात, पार पुढं बोटांच्या जागी, मी शिक्का मोज्यात गुंडाळून कोंबलाय.

तुमचे जावई म्हणाले, आधी डिग्री. मग पोराचा चेहरा बघून म्हणाले, "तूच ठरव बाई. हे खूळ तुमच्या घराण्यातनं आलंय." बरोबर बोलले. आबा, तुम्हीही एकोणीसचेच होता. एफ.वाय. सोडून मुंबईच्या कंपनीच्या टीमकडून खेळायला गेला होता तुम्ही. चार वर्षांत कंपनीनं टीमच बंद केली, तुम्हाला गेटवर वॉचमन म्हणून उभं केलं, आणि दुखावलेला गुडघा घेऊन तुम्ही कोल्हापूरला परत आलात. मग जन्मभर उद्यमनगरात लेथवर. पेठेतला प्रत्येक माणूस मला सांगायचा, तुझा बाप डिग्री घेऊन बसला असता तर साहेब झाला असता. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचं शिक्षण लिहिताना माझं पेन अडायचं. मला तुमचा राग यायचा आबा. आजही येतो. तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं की चुकलं माझं. तुम्ही कधी म्हणाला नाहीत, हिवाळा आला की बुटांना तेल लावून पेठेच्या टीमकडून उतरायला तयार.

बुटांचं तुम्हालाही आठवत असेल. मी अकरा वर्षांची होते. दुसऱ्या पेठेबरोबर फायनल होती, डॉक्टरांनी तुम्हाला पळायचं नाही म्हणून सांगितलेलं, आणि मी सकाळी तुमचे बूट न्हाणीत बंबामागं शेणकुटांच्या खाली सारून दिले. तुम्ही घरभर शोधलं. मला विचारलंत, मी मान हलवली. शेवटी कुणाचे तरी एक नंबर लहान बूट घालून गेलात. दोन-एकनं हरून आलात, अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं. स्वयंपाकघरात आई घमेल्यात मिठाचं गरम पाणी ओततेय, तुम्ही पाय बुडवून बसलाय, आणि मला ते बघवत नाही म्हणून मी बूट आणून तुमच्यासमोर ठेवते. आई हात उगारते. तुम्ही तिला थांबवता आणि विचारता, का केलंस. मी म्हणते, तुमच्या गुडघ्यापायी. तुम्ही खांदे पाडून पाण्यात बघितलंत. मग म्हणालात, "खेळणाऱ्याला हरवायचं असलं तर मैदानात हरवायचं, पोरी. घरात न्हाई." मारलं असतंत तर मी विसरून गेले असते.

आणि बघा, पन्नाशीला टेकले आणि तेच करून बसले. गुरुवारी तर पापाचा घडा भरलाच म्हटलं. मी कामावर असताना बऱ्यापैकी जोरात हललं. कपाटातली भांडी वाजली म्हणे. इथल्या शिस्तीप्रमाणं त्यानं पिशवी उचलून दार उघडून ठेवलं असणार, कारण मी घरी आले तेव्हा पिशवी खुंटीला नव्हती, खाली टेकवलेली होती. तो आमटीभात खात होता.

"हललं ना आज," म्हणाला.

"बूट घातलेस का रे?" मी विचारलं. तोंडातनं निघूनच गेलं.

"घातले ना. तूच सांगतेस." आणि परत जेवायला लागला. सापडला असता तर तो बोलला असता, तो काही पोटात ठेवणारा नाही, अशी मी मनाची समजूत घातली. बोलताना तो फोनकडं बघत होता, एवढंच.

शुक्रवारी कोचचा फोन आला. इथं कोचसुद्धा आयांना ओकासान म्हणतात, म्हणजे आईच. म्हणाले, ओकासान, मी त्याला थांब म्हणणार नाही आणि जा पण म्हणणार नाही. मी म्हटलं, मग म्हणणार कोण? इथल्या आपल्या बायकांना विचारावं तर एकीचा मुलगा डॉक्टर होतोय, दुसरीचा अमेरिकेला निघालाय. गणपतीला हॉलमध्ये सगळ्या भेटतात, आणि ‘तुझा काय करतो गं?’ हा पहिला प्रश्न असतो. दार वाजलं. तो आला. पुढचं नंतर लिहिते.

आज सोमवार आहे. काल तो जिंकून आला होता, गोलही त्याचाच. दाराशी बसून चिखलाचे बूट काढता काढता मान वर न करता म्हणाला, "आई, नाही सापडला तर राहू दे. उद्या मी क्लबला फोन करून सांगतो, जमत नाही म्हणून." मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, खरंच वाटलं. जिंकले मी, असंच आलं मनात. आणि मग तो आत गेला आणि ते ओले बूट दाराशी तसेच पडून राहिले, इकडे एक, तिकडे एक. हा पोरगा सहा वर्षांचा असल्यापासून बूट जुळवून, टाचा भिंतीला लावून ठेवतो. इथल्या शाळेनं लावलेली सवय आहे ती. मी ते पुसले आणि जुळवून ठेवले. वाटलं, असाच हा दोन वर्षं कॉलेजला जाईल, डिग्री आणून माझ्या हातात देईल, आणि मला कधी काही बोलणार नाही.

सकाळी तो नाश्त्याला बसला तेव्हा मी त्याच्यादेखतच पिशवी खाली घेतली. आता जे व्हायचं ते होऊ दे म्हटलं. उजवा बूट काढला, हात घातला. रिकामा. बूट उलटा करून आपटला. मग डाव्यात हात घातला, तर बोटांच्या जागी शिक्का होता. मोजा नीट घडी घालून, रबरबँड लावून. मी कधी घडी घातली नव्हती, नुसता कोंबला होता. मी तशीच फरशीवर बसून राहिले. तो पोळीचा तुकडा चहात बुडवत होता.

"तुला सापडला होता," मी म्हटलं.

"गुरुवारी. बोटाला टोचला."

"मग तूच मारला का नाहीस? कुणाला कळलं असतं?"

त्यानं जरा विचार केला. मराठी शब्द शोधताना तो छताकडं बघतो, तसं बघितलं. "तुझी संमती हवी होती ना त्यांना," म्हणाला. "माझी नाही."

चार दिवस, आबा. चार दिवस तो माझ्याबरोबर कुंड्या उचलत होता. मी अन्नाची शपथ घेऊन सांगते, कुणी कानफटात मारली असती तर एवढं लागलं नसतं. तुम्ही घमेल्यात पाय बुडवून बसला होता ना, अगदी तसाच बसला होता तो, खांदे पाडून.

मी कागद मागितले. टेबल पुसलं, शाईची डबी उघडली. घाईघाईनं दाबला आणि शिक्का तिरका उमटला, आणि इथं तिरका चालत नाही, सरळच पाहिजे. मी म्हटलं, आता हे घेणार नाहीत. त्यानं कागद उजेडात धरून बघितला आणि पहिल्यांदा हसला. "घेतील," म्हणाला. "थोडा लंगडतोय, पण पोचेल." तुमच्या लंगडत खेळण्याबद्दल मी त्याला बरंच सांगितलंय, त्यामुळं ते कुठनं आलं ते मला कळलं. मग त्यानं जेवणाचा डबा घेतला, आणि साडेआठला स्टेशनवर गेला. कागद आत्तापर्यंत पोचले असतील. तुमच्या जावयांना दुपारी फोन करून सगळं सांगितलं, ते म्हणाले, शिक्का आता जागेवर ठेव. ठेवलाय.

एक राहिलं. बूट लपवले ते तुमच्या गुडघ्यापायी, असं मी त्या दिवशी म्हटलं आणि तुम्ही ते खरं धरलंत. पुढं आईला, नवऱ्याला, पोराला मी तेच सांगत आले. ते खरं नव्हतं. आदल्या दिवशी शाळेत पोरी हसल्या होत्या, तुझा बाप लंगडत पळतो म्हणून. उद्या सगळी शाळा मॅचला येणार होती, आणि तुम्ही मैदानात दिसायला नको होतात मला. मला तुमची लाज वाटली होती. ह्या खेपेलाही हॉलमधल्या बायकांना काय सांगू, ह्याचीच धास्ती जास्त होती आणि मी तिला पोराची काळजी म्हणत बसले. हे मी त्याला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय ते तुम्ही नाही म्हणून. समोर असता तर आजही गुडघाच म्हटलं असतं.