जांभळ्या गादीसाठी एकशे दहा कोश

३ एप्रिल, सोमवार

इलेक्ट्रॉनिक डिक्शनरी घेतली. तळहातापेक्षा जराशी मोठी. आत एकशे दहा कोश, समानार्थी शब्दांचा वेगळा, वर शब्दांचे खेळ, आणि इंग्रजी शब्द मोठ्याने म्हणून दाखवणारी एक बाई. दुकानातली मुलगी म्हणाली, हे मॉडेल कॉलेजची मुलं नेतात. मी म्हटलं, छप्पन्नाव्या वर्षीही माणूस विद्यार्थीच असतो. ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. लाजली असावी.

कारण लिहून ठेवतो. काल जेवताना सासूबाईंनी जाहीर केलं की नोव्हेंबरअखेर, मेपलची पानं गळून गर्दी ओसरली की त्या जांभळी गादी सोडणार. आमच्या लॉजच्या दारात या गादीवर गुडघे मोडून बसून त्या साठ वर्षं पाहुण्यांचं स्वागत करतायत. गादीवर जो बसेल त्याचं लॉज. मी घरजावई. लग्नात आडनावसुद्धा यांचं घेतलं. तीस वर्षं न्हाणीघराचा बंब पेटवतोय आणि पाहुण्यांचे जोडे लावून ठेवतोय. आता निम्मे पाहुणे परदेशी. इंग्रजी येणारं घरात कोण आहे? आमची मुलगी मिहारु ओसाकाच्या एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनला आहे, पण ती तिकडे, त्यामुळे तिचा प्रश्न नाही. उरलो मी. आजवर गादीवर बायकाच बसल्या हे खरं. पण काळ बदलतोय.

संकल्प: रोज वीस शब्द. नोव्हेंबरअखेर चार हजार आठशे चाळीस. (डिक्शनरीत कॅल्क्युलेटरपण आहे.)

४ एप्रिल

शब्द: शून्य. मॅन्युअल वाचलं. पाया पक्का हवा.

९ एप्रिल, रविवार. सकाळी ६

लॉजच्या दारात उभा राहून डिक्शनरीतल्या बाईंबरोबर मोठ्याने पाठांतर. आवाज पूर्ण. समोरच्या ओगाताबाई (नवरा पंखे बनवतो) त्यांचा दरवाजा झाडत होत्या. म्हणाल्या, तेत्सुओ-हान, तुमच्याकडे इंग्रजी शिकवायला बाई ठेवल्यात वाटतं! काय खणखणीत आवाज हो, आमच्या माजघरात शब्द न शब्द ऐकू येतो.

मी मूळचा ओसाकाचा. तिकडचे लोक फटकळ, तोंडावर बोलतात. इथली, क्योटोची माणसं गोड, हाक मारतानाही नावाला मानाचं 'हान' जोडतात. उद्यापासून साडेपाचला सुरू करीन आणि डिक्शनरी त्यांच्या खिडकीच्या बाजूला धरीन. त्यांचंही इंग्रजी सुधारेल.

शब्द: सहा. पण उत्तम.

२१ एप्रिल

शब्दखेळाचा शोध लागला. पडद्यावर रिकामी घरं येतात, एकेक अक्षर ओळखायचं. चुकलं की एक छोटा माणूस फासाच्या एक पायरी जवळ जातो. जिंकलं की तुतारी वाजते. पाठांतर ही जुनाट पद्धत आहे, खेळातून शिकलेलं डोक्यात बसतं. संकल्पात दुरुस्ती: रोज वीस शब्दांऐवजी रोज वीस डाव.

डाव: चौसष्ट. माणूस एकसष्ट वेळा फासावर गेला.

१४ मे, रविवार

पहिली प्रत्यक्ष परीक्षा. कॅनडाचं जोडपं. बाई अंगाला नुसता टॉवेल गुंडाळून बोळात उभ्या, न्हाणीघर कुठे म्हणून विचारत होत्या. डावीकडे हात केला असता तर काम भागलं असतं, पण आपल्याला दर्जा हवा. 'कृपया' हा शब्द समानार्थी कोशात टाकला. अकरा पर्याय आले. त्यांतला सर्वांत भारदस्त निवडेपर्यंत बाईंना तीन शिंका आल्या. मग सुमिए आली आणि तिने डावीकडे हात केला. बायकोला धीर म्हणून नाहीच.

सासूबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, तेत्सुओ-हानचं बाई सगळंच सावकाश आणि नीटनेटकं, आम्हाला मेलं असं जमलं नसतं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चारचौघांत माझं कौतुक केलं. मला भरून आलं, खोटं कशाला लिहू.

८ जून, गुरुवार

ओगातांकडे डिक्शनरी दाखवायला गेलो. त्यांनी मागितलं नव्हतं, पण भिडस्त लोक, मागणार कसे? समानार्थी कोश दाखवला, बाईचा आवाज ऐकवला, खेळाचे नऊ डाव खेळून दाखवले. दोन तास कसे गेले कळलं नाही. मग ओगाताबाई म्हणाल्या, थोडा चहा-भात तरी घेता का, तेत्सुओ-हान?

घेतो म्हटलं.

त्या एकदम थबकल्या. ओगाता कामाच्या खोलीतून डोकावले आणि परत आत गेले. मग तांदूळ धुतल्याचा आवाज. माझ्या एका 'हो'साठी त्यांनी भात नव्याने टाकला! चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात आणखी सात डाव झाले. भातावर गरम चहा, वर लोणचं. दोन वाडगे खाल्ले.

घरी सांगितलं तर सुमिए कपाळाला हात लावून खाली बसली. उकाडा फार आहे.

९ जून

सुमिए सकाळीच मिठाईचा मोठा डबा घेऊन ओगातांकडे गेली. माझ्या पाहुणचाराचे आभार मानायला. दारातच कमरेत तीनदा वाकलेली खिडकीतून पाहिली. जरा जास्तच झालं, पण बायकोला नवऱ्याचा मान कळला तर बिघडलं कुठे?

२ जुलै

खेळाच्या आठव्या पायरीवर पोचलो. एक छोटी अडचण: नवव्या पायरीच्या नादात बंब विझला. दोन नंबरच्या खोलीतले ऑस्ट्रेलियन गृहस्थ थंड पाण्यात उतरले आणि ओरडले. काय ओरडले ते कोशात शोधलं. एकशे दहांपैकी एकातही मिळालं नाही. कंपनीला पत्र लिहिलं पाहिजे.

सासूबाई म्हणाल्या, थंड पाण्याने प्रकृती ठणठणीत राहते, तेत्सुओ-हान पाहुण्यांच्या तब्येतीची किती काळजी घेतात! मी म्हटलं, तुमचाच आशीर्वाद.

१६ ऑगस्ट, बुधवार

पितरांच्या सणाला मिहारु आली. संध्याकाळी डोंगरांवरचे जाळ बघायला सगळे गच्चीवर. पितरांना निरोप देताना मी डिक्शनरीतल्या बाईंकडून 'अग्नी' हा शब्द म्हणवून घेतला, प्रसंगाला धरून. मिहारु म्हणाली, बाबा, बंद करा ना ते, लाज वाटते. तोंडावर! ओसाकाचं पाणी, दुसरं काय. माझंच रक्त, पण मी तीस वर्षांत सुधारलो. तिला समजावलं की संस्कृती शिकायची तर आजीकडे बघ. आजीला माझा अभ्यास किती आवडतो! तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, पितरांनासुद्धा आज परत जाताना घाई झाली असेल बाई.

मिहारु पदराआड हसावं तशी बाहीआड हसली. मला वाटतं तिला पटलं.

२० सप्टेंबर

मिहारु नोकरी सोडून कायमची घरी आली. मोठ्या हॉटेलात खरं शिक्षण नसतं, हे तिला उमगलं असणार. दिवसभर सासूबाईंच्या शेजारी बसते. गादीच्या अगदी काठाशी. परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलते, भराभर, शब्द न निवडता. बोलताना एकही कोश उघडत नाही. मी तिला डिक्शनरी देऊ केली. नको म्हणाली. अहंकार वाईट.

एकूण शब्द (पाठ): एकतीस. पायरी: चौदावी.

६ नोव्हेंबर, सोमवार

अमेरिकेहून लिंडक्विस्टबाई आल्या. सत्तरीच्या. दोन आठवडे मुक्काम. पूर्वी सहा महिने इथेच क्योटोत राहून चहाचा विधी शिकल्या होत्या म्हणे. आमची भाषा बोलतात, मोडकीतोडकी. माझं इंग्रजी त्यांच्यावर वापरायचं ठरवलं होतं, पण त्या ऐकून घेत नाहीत, लगेच आमच्याच भाषेत उत्तर देतात. माझ्यासारख्यांचं अशाने नुकसान होतं.

गादीला चोवीस दिवस उरले. ती सध्या उन्हात वाळत घातलीय. कोणी नसताना तिच्यावर बसून पाहिलं. मऊ आहे. डाव्या बाजूला सासूबाईंच्या गुडघ्याचा खळगा पडलाय, त्यात माझा गुडघा बसत नाही. सवय होईल.

१९ नोव्हेंबर, रविवार

लिहू की नको असं झालंय. लिहितो. ही वही दुसरं कोण वाचणार आहे?

सकाळी ओसरीवर मी सासूबाईंना आणि लिंडक्विस्टबाईंना सतराव्या पायरीची तुतारी ऐकवत होतो. सासूबाई म्हणाल्या, अहाहा, तेत्सुओ-हानमुळे आमच्या घरात बारा महिने जत्रा असते. लिंडक्विस्टबाईंना फस्सकन हसू आलं. चहा कपड्यांवर सांडला. सासूबाई आत गेल्यावर मी विचारलं, का हसलात?

त्या म्हणाल्या, अहो, त्या तुम्हाला ते बंद करा म्हणतायत!

मी म्हटलं, नाही हो, कौतुक करतायत.

त्या म्हणाल्या, तेत्सुओ-सान, माझ्या चहाच्या गुरुजी मला रोज म्हणायच्या, तुमच्या हालचाली किती मोकळ्या! दोन आठवड्यांनी मला कळलं की मी रेड्यासारखी धडपडतेय. तुम्ही इथे किती वर्षं आहात?

मी तीन बोटं दाखवली. त्यांना वाटलं तीन वर्षं. म्हणाल्या, मग चालायचंच. मी दुरुस्त केलं नाही.

२० नोव्हेंबर

बंबाशेजारी बसून ही वही पहिल्यापासून वाचली.

ओगाताबाईंचा खणखणीत आवाज: म्हणजे तो बंद करा. सगळंच सावकाश आणि नीटनेटकं: म्हणजे पाहुणी गारठली, मठ्ठा. चहा-भात: म्हणजे आता घरी जा. तो भात कधी शिजवायचाच नसतो. हे मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सासऱ्यांनी हसत हसत सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, लक्षात ठेवीन. सुमिए मिठाई घेऊन कशाला गेली होती तेही कळलं. ती तीनदा वाकली होती. माझ्यासाठी.

एवढं भाषांतर केलं, पण एकही कोश उघडावा लागला नाही. मग 'कौतुक' हा शब्द समानार्थी कोशात टाकून पाहिला. चौदा पर्याय आले. सगळे चांगलेच होते.

आज खेळ नाही. (दोनच डाव.)

३० नोव्हेंबर, गुरुवार

गादीचा दिवस. मी ठेवणीतला किमोनो घातला होता. कुठेतरी अजून वाटत होतंच. मोठ्या खोलीत सगळे बसले, ओगाता नवराबायकोसुद्धा. सासूबाईंनी दोन्ही हातांनी गादी उचलली आणि मिहारुच्या पुढ्यात ठेवली. मिहारुने कपाळ जमिनीला टेकवलं. सुमिएने डोळे पुसले.

मग सासूबाई माझ्याकडे वळून वाकल्या. म्हणाल्या, तेत्सुओ-हान एवढे व्यासंगी, त्यांना आमच्या या एवढ्याशा दारात बसवणं आम्हालाच शोभलं नसतं.

सगळे चटईकडे बघत होते. एप्रिलात मी हे वाक्य इथे अख्खं उतरवून काढलं असतं आणि खाली रेघ ओढली असती. आज फक्त वाकलो. रडू येत होतं, ते वाकलेलं असताना उरकून घेतलं.

नंतर बंबाच्या खोलीत जाऊन बसलो. काही सुचेना म्हणून डिक्शनरी काढली. अठरावी पायरी. तुतारी वाजली. आयुष्यात पहिल्यांदा अठरावी पायरी सर केली आणि सांगायला कोणी नाही.

इतक्यात दार धाडकन उघडलं. सासूबाई. इथे त्या कधीच येत नाहीत. म्हणाल्या, अरे ए तेत्सुओ! बंब विझलाय, डोळे फुटले का तुझे? फेक ते डबडं आणि लाकडं घाल आधी!

आणि गेल्या.

'हान' नाही. 'अहो' नाही. असं त्या फक्त सुमिएला बोलतात, मिहारुला बोलतात, आणि सासरे होते तेव्हा त्यांना बोलायच्या. बाहेरच्या माणसाशी त्या उभ्या जन्मात असं बोललेल्या नाहीत. वाक्य मनात दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. आत दुसरं काही लपलेलं सापडलं नाही. मी मठ्ठ आहे आणि बंब विझलाय, एवढंच होतं.

लाकडं घातली. आज पाणी मस्त तापलं, असं पाच नंबरच्या पाहुण्यांनी सांगितलं. त्यांना तसंच म्हणायचं होतं का, ते मिहारुला विचारून घेतलं. हो म्हणाली.